मशीनवरचं वजन

माझ्या मुलाने आमच्या कपडे धुण्याच्या मशीनवर निबंध लिहिला आणि तो मोबाइलवर टाकला. शाळेत असताना 'माझी आई' या विषयावर चार ओळी लिहायला त्याला अख्खा आठवडा लागला होता, आणि त्याही शेवटी त्याच्या आईनेच, म्हणजे त्याच्या अव्वाने, सांगितल्या. आता आई गेल्यावर मशीनवर त्याला दोन पानं सुचली.

माझी थोरली मुलगी महेश्वरी हिने मला ते फोनवर वाचून दाखवलं. ती अक्कलकोटला दिलेली आहे, तिथल्याच शाळेत शिकवते. वाचताना तिचा आवाज कोरडा होता. शिवकुमारने लिहिलं होतं की, त्या मशीनच्या धडधडीत त्याचं बालपण साठवलेलं आहे. आई त्याला मशीनवर बसवायची, बटण फिरवायची, आणि तो त्या पांढऱ्या घोड्यावर बसून साऱ्या जगाची सफर करून यायचा. आई शेजारी उभी राहून हसायची. साबणाच्या फेसाचा वास आला की अजून त्याला आईची कूस आठवते. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं, अंगावर काटा आला, डोळे भरून आले.

घोडा कसला? खरी गोष्ट अशी. मशीन घरी आलं त्याच दिवशी हमालाच्या हातून निसटलं आणि त्याचा मागचा एक पाय मोडला. दुकानदार म्हणाला, बदलून देतो. अजून देतोय. आम्ही पायाच्या जागी लाकडाचा तुकडा सारला. धुण्याचं भांडं फिरायचं तोवर ठीक असायचं. पण शेजारचा ड्रायर, ज्यात कपडे पिळले जातात, तो सुरू झाला की मशीन चालायला लागायचं. मोरीतून निघायचं ते दारापर्यंत यायचं आणि वायर ताणली की बंद पडायचं. दाक्षायणीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यावर वरवंटा ठेवून पाहिला. तो घरंगळून पडला आणि मोरीची फरशी फुटली. मग तिने झाकणावर पाट ठेवला आणि पाटावर शिवकुमारला बसवलं. वरवंट्यापेक्षा पोरगं बरं, कारण पोरगं धरून बसतं. एवढंच होतं ते. साऱ्या जगाची सफर केली म्हणे. वरवंट्याच्या जागी बसला होता.

निबंध वाचून रडलेल्यांत पुण्याचा अमृत नावाचा एक माणूस होता. तो जुनी धुण्याची मशीनं गोळा करतो. हाताने फिरवायची, रुळातून कपडे पिळायची, लाकडी पिंपाची, असली. गावाबाहेर त्याने एक मोठी शेड बांधली आहे आणि तिथं ती मशीनं ओळीने मांडली आहेत. रविवारी माणसं जातात, मशीनसमोर उभी राहून फोटो काढतात, आणि आपलं बालपण किती साधं होतं यावर बोलतात. ज्यांनी जन्मात बनियन पिळली नाही अशी माणसं. जुन्या वस्तूचं प्रेम कुणाला येतं हे मी एवढ्या वयात नीट पाहिलं आहे. ज्याला ती वस्तू वापरावी लागली नाही त्याला.

शिवकुमारचा फोन आला.

"अप्पा, रविवारी येतोय. सोबत अमृत सर आहेत. टेम्पो घेऊन येतोय."

"टेम्पो कशाला?"

"मशीन न्यायला. मी सांगितलं होतं की."

"मला न्हाई सांगितलंस. मोबाइलवर सांगितलं असशील."

"अप्पा, तिथं ते जपलं जाईल. अव्वाच्या नावाची पाटी लावणार आहेत खाली."

"तुझी अव्वा म्हणजे मशीन नव्हती," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मला ते मशीन द्यायचं नव्हतं. पुण्याच्या माणसाला नाही, भंगारवाल्याला नाही, कुणालाच नाही. का, ते मला मुलाला सांगता आलं नसतं, आणि खरं तर स्वतःलाही सांगता येत नव्हतं. ते मशीन मला आवडतही नव्हतं. मूळचा पांढरा रंग जाऊन ते जुन्या दातासारखं पिवळं झालं होतं. वेळ लावायचं बटण तुटलं होतं, तिथली दांडी पकडीने फिरवावी लागायची. धुण्याच्या बाजूचं झाकण कधीच गेलं होतं, त्या जागी दाक्षायणी जर्मनची परात पालथी घालायची. असल्या वस्तूवर जीव जडवावा असं काही नव्हतं. पण फाल्गुनात ती गेली, आणि त्यानंतर घरात आवाज करणारं दुसरं काही उरलं नव्हतं.

आमच्याकडे बाळीवेशीच्या या बोळात पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाच. त्यामुळे सोलापूरच्या बाईला सोमवार-मंगळवार नसतो, पाण्याचा दिवस असतो आणि बिनपाण्याचा दिवस असतो. पाण्याच्या दिवशी अंधार असताना उठायचं, हंडे, घागरी, बॅरल भरायचे, आणि नळ जायच्या आत साचलेलं धुणं काढायचं. हे सगळं दाक्षायणी करायची. ती गेल्यावर मी करायला लागलो. मी चादरीच्या कारखान्यात जन्मभर घडी घालायचं आणि गठ्ठे बांधायचं काम केलं. माझा संबंध कोरड्या कापडाशी. ओल्या कापडाचं मला काही कळत नाही.

शेजारच्या मायाक्काने ते पहिल्याच धुण्याला ओळखलं. ती माझ्याहून मोठी आहे आणि तिची जीभ तिच्याहून मोठी आहे.

"ईश्वरप्पा, ही बनियन वाळत घातलीस का बुजगावण्याला घातलीस?"

"का? काय झालं?"

"साबण तसाच हाय की तिच्यात. घाम आला तर फेस येईल अंगाला. आरं, दुसऱ्या पाण्यातनं काढायचं असतंय."

"पाणी गेलं."

"तुझी बायको त्याच पाण्यात सगळं करत हुती. पयलं पाणी पांढऱ्या कापडाला, तेच पाणी रंगीताला, तेच पाणी पायपुसण्याला, आन् शेवटी त्याच पाण्यानं ओटा धूत हुती. तू एक लुंगी धुतोस आन् बॅरल रिकामा करतोस. निस्ता आवाजाचा शौक!"

ती म्हणाली ते खरं होतं. माझं धुणं असं कितीसं? पण पाण्याच्या दिवशी मी मशीन लावायचोच. एक लुंगी असली तरी लावायचो.

कुणी म्हणेल, नवीन मशीन का नाही? आहे की. तीन वर्षांपूर्वी शिवकुमारने पुण्याहून आईला वाढदिवसाला पाठवलं. पुढून गोल काच असलेलं, पूर्ण आपोआप चालणारं. कपडे टाकायचे आणि बसून राहायचं. जोडून द्यायला आलेला माणूस म्हणाला, याला नळाला सतत पाणी पाहिजे, तेही जोराचं. गच्चीवर टाकी आहे का? आमच्या डोक्यावर पत्रे आहेत. पत्र्यावर टाकी ठेवली तर टाकी, पत्रे आणि आम्ही एकाच ठिकाणी सापडलो असतो. तरी त्याने सुरू करून दाखवलं. ते घोटभर पाणी प्यालं आणि नळ गेला. मग ते ओरडायला लागलं. टुंग, टुंग, टुंग. वायर काढली तेव्हा गप्प झालं. सोलापुरात जन्मलेलं, पाण्याच्या रांगेत वाढलेलं पोरगं पुण्यात दहा वर्षं राहिलं आणि नळाला पाणी नसतं हे विसरलं. दाक्षायणी मात्र वस्तू वाया जाऊ देणारी नव्हती. तिने त्यात ज्वारी भरली. उंदीर शिरत नाही, ओल लागत नाही, आणि काचेतून किती उरली ते दिसतं. शिवकुमार फोनवर विचारायचा, "अव्वा, मशीन कसं चाललंय?" ती म्हणायची, "लई चांगलं हाय बाळा. भरून ठेवलंय."

जुनं मशीन तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. मला वाटायचं, पाण्यामुळे. हंड्याने ओतलं तरी चालणारं तेच एक.

आणि ते चालू असताना ती बोलायची. हे मी कित्येक वर्षं ऐकलं होतं, म्हणजे ऐकू आलं नव्हतं. आमचं घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. पुढच्या खोलीत मी, मधल्या खोलीत माझी आई कमलम्मा, ती पंधरा वर्षांपूर्वी गेली, आणि मागे स्वयंपाकघर आणि मोरी. मोरीत ड्रायर धडधडायला लागला की त्या धडधडीखाली दाक्षायणीच्या बोलण्याची पुसट गुणगुण यायची. मी पुढून ओरडायचो, "काय म्हणालीस?" ती तिथून ओरडायची, "काही नाही! मशीनशी बोलते." माझी आई मधल्या खोलीतून म्हणायची, "वेडी झालीय."

नवरात्राच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात. म्हणजे घरातलं अंथरूण-पांघरूण, वाकळा, चादरी, पडदे, सगळं धुऊन काढतात. मायाक्का म्हणाली, "वरीस भरलं न्हाय बाईला, यंदा दसरा कशाला काढतोस?" मी म्हणालो, "वास यायला लागलाय."  महेश्वरीला मी बोलावलं नव्हतं, पण शनिवारी संध्याकाळी ती एसटीने आली. दर वर्षी याच कामाला यायची, यंदाही आली. पिशवी ठेवली, पदर खोचला आणि वाकळांचे उसवलेले टाके घालायला बसली. आईच्या फोटोकडे तिने पाहिलं नाही. मला ते बरं वाटलं. रडायला येणारे पाहुणे मी भरपूर पाहिले होते. ते रडतात आणि आपण चहा करायचा.

रविवारी पाणी आलं. उन्हं वर यायच्या आत आमच्या जाड वाकळा तुडवून झाल्या होत्या. पातळ वाकळा आणि चादरी मशीनमध्ये चालू होत्या. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी टेम्पो थांबला आणि शिवकुमार अमृतला घेऊन आला.

अमृत चाळिशीचा, दाढी कोरलेला, खादीचा कुर्ता घातलेला माणूस होता. दारातच त्याने चपला काढल्या, मला वाकून नमस्कार केला आणि मोरीत जाऊन मशीनलाही हात जोडला. मी पाहत राहिलो.

"सर, काय पीस आहे!" तो म्हणाला. "पाय तुटलेला, तोही तसाच. हे सगळं तसंच ठेवायचं. हा नॉब मूळचा आहे का?"

"ती पकड आहे," मी म्हणालो.

"हो, पण मूळची?"

"पकड मूळची आहे. नॉब गेला."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. शिवकुमार म्हणाला, "अप्पा, सरांना अव्वाच्या काही आठवणी सांगा ना. ते पाटीवर लिहिणार आहेत."

"लिहा," मी म्हणालो. "ती मशीनमधलं मळकं पाणी फेकत नव्हती. त्या पाण्याने ओटा धूत होती. लिहा."

"पर्यावरण," अमृत म्हणाला आणि मान हलवली.

मायाक्का आमच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "हा कोन हाय रे, शिवा? मशीनचा डागदर हाय व्हय?"

"नाही मायाक्का, हे जुन्या वस्तू जपतात."

"मग मला घेऊन जा म्हणावं. माझा बी एक पाय गेलाय."

अमृत हसला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला चित्रीकरण करायचं होतं. तो म्हणाला, "शिव, तू जसा लहानपणी बसायचास तसा बस. मशीन चालू राहू दे. त्याच आवाजात तू बोल." आणि माझा चाळिशीला टेकलेला, नव्वद किलोचा मुलगा पाट घेऊन आला, ड्रायरच्या झाकणावर ठेवला आणि त्यावर चढायला लागला.

"उतर," महेश्वरी म्हणाली. ती चादर हातात धरून उभी होती. "झाकण फुटेल."

"एक मिनिट, अक्का. तूही ये ना. आपण दोघं बसायचो की नाही?"

"मी कधी बसले?"

"बसायचीस की. आपला घोडा!"

"शिवा, तू बसायचास. मी बॅरलमधून पाणी आणायचे. अव्वा एका बाजूने मशीन धरायची, मी दुसऱ्या बाजूने. तू वरून पाय मारायचास. माझ्या डोक्याला लागायचे. मी दहा वर्षांची होते." तिने चादर बादलीत टाकली. "माझं बालपण कशात साठवलंय ते लिहू का मी पण? माझ्या कमरेत साठवलंय. पावसाळ्यात दुखतंय."

शिवकुमारचा चेहरा उतरला. अमृतने मोबाइल खाली केला नाही. "मॅडम, हे फार खरं आहे," तो म्हणाला. "हे परत एकदा बोलाल का? जरा खिडकीकडे तोंड करून?"

महेश्वरीने त्याच्याकडे पाहिलं. शाळेत ती मुलांकडे अशी बघत असेल तर शाळा चांगली चालत असणार. त्याने मोबाइल खिशात घातला.

मग ती माझ्याकडे वळली. "अप्पा, हे मशीन पुण्याला जायचं नाही."

मला बरं वाटलं. निदान एक पोरगं माझ्या बाजूचं निघालं असं मला वाटलं.

"भंगारात जायचं," ती म्हणाली. "आजच. धुणं झालं की मी स्वतः भंगारवाल्याला बोलावणार. मला हे या घरात परत बघायचं नाही."

मी काय बोलावं? एक जण मशीनच्या पाया पडत होता, दुसरीला ते फोडायचं होतं, आणि मला ते जिथं आहे तिथं पाहिजे होतं. मी म्हणालो, "आधी धुणं काढा. नळ जाईल."

आमच्याकडे यावर वाद नसतो. नळ जाईल म्हटलं की सोलापुरातला माणूस भांडण अर्ध्यावर सोडतो.

मी शिवकुमारला खाली उतरवलं आणि अमृतला घेऊन पुढच्या खोलीत जायला सांगितलं. महेश्वरीने पिळायची वाकळ ड्रायरमध्ये दाबून बसवली, पकडीने दांडी फिरवली. मशीन हललं, उचललं, चालायला लागलं. वजन नव्हतं. ती पटकन कोपऱ्यात गेली, कमरेने मशीन भिंतीकडे दाबलं, एक पाय लाकडाच्या तुकड्यावर ठेवला आणि दोन्ही हात झाकणावर टेकले.  दाक्षायणी तशीच उभी राहायची. तोच पाय, तशीच मान वाकडी.

"अप्पा, बघत काय राहिलात? तिकडून धरा!"

मी दुसऱ्या बाजूला गेलो आणि धरलं. त्या मोरीत इतकी वर्षं मशीन होतं, पण चालू ड्रायरला मी कधी हात लावला नव्हता. माझी एकट्याची लुंगी असल्यावर त्याला धरावं लागत नव्हतं. आता वाकळेचं वजन होतं. हाडापर्यंत हादरे बसतात. आणि आवाज एवढा की, मागच्या दारातून मायाक्काचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द येत नव्हता. ती कंटाळून निघून गेली.

महेश्वरी काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, "काय?" तिने तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

"अव्वा इथंच बोलायची माझ्याशी!"

"काय बोलायची?"

"सगळं! अजी मधल्या खोलीत, तुम्ही पुढं. घरात बोलायला जागा कुठं होती? हे चालू झालं की बोलायची. बंद झालं की गप्प. मी लहान होते तेव्हापासून. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा आवडला का, ते इथं विचारलं. अजीला शिव्या इथंच द्यायची. तुम्हालाही."

"मला? काय म्हणायची?"

"म्हणायची, तुझ्या बापाला खोटं लगेच कळतं, फक्त खरं कळत नाही."

मी झाकण घट्ट धरलं. ती हसली नाही. मशीन हादरत होतं आणि तिचा आवाजही त्याच्याबरोबर हादरत होता, का आणखी कशाने, ते सांगता येणार नाही.

"गेल्या दसऱ्याला," ती म्हणाली, "हीच वाकळ होती. मी तिथं होते, तुम्ही आता आहात तिथं. मला म्हणाली, माझ्या पोटात गाठ आहे, डॉक्टर म्हणतो फार दिवस झाले तिला. अप्पांना सांगू नको. दिवाळी होऊ दे."

मला तो दिवस आठवला. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. मी ओरडलो होतो, काय म्हणालीस? तिने तेच उत्तर दिलं होतं. काही नाही, मशीनशी बोलते.

दिवाळीत तिने चकल्या केल्या होत्या. मी म्हणालो होतो, मऊ पडल्यात.

"मी सांगायला पाहिजे होतं," महेश्वरी म्हणाली. "दीड महिना मी घेऊन बसले. रोज फोन उचलायचे आणि ठेवायचे. म्हणून मला हे नको आहे, अप्पा. आवाज ऐकला की मला तेच ऐकू येतं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. माझ्या घरात, माझ्यापासून दोन खोल्यांवर, मला वगळून. मग मी मुलीकडे पाहिलं. तिने मशीन सोडलं नव्हतं. रडत होती आणि कमरेने मशीन दाबून धरत होती, कारण सोडलं असतं तर ते दारापर्यंत गेलं असतं.

मी तिच्या कानाजवळ तोंड नेलं आणि बोललो. फाल्गुनापासून मी कुणाशी बोललो नव्हतो ते बोललो. काय बोललो ते इथं लिहिणार नाही. ड्रायरच्या आवाजातलं बोलणं बाहेर काढायचं नसतं, हे त्या दोघींनी पाळलं, मीही पाळीन. तिने एकदा मान हलवली. एकदा म्हणाली, "हो, मला माहिती आहे." एकदा दोघंही हसलो, ते मायाक्काने ऐकलं असतं तर तिने बोळभर केलं असतं.

दांडी मागे आली आणि मशीन बंद पडलं. आम्ही दोघं गप्प झालो. तिने पदराने तोंड पुसलं, वाकळ काढली आणि दोरीवर टाकली. आत आल्यावर ती म्हणाली, "राहू दे."

"काय?"

"मशीन. भंगारवाल्याला नंतर बघू."

मी पुढच्या खोलीत गेलो. अमृत आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढत होता. मी म्हणालो, "मशीन मिळणार नाही."

"सर, तुम्ही भावनेच्या भरात..."

"माझं धुणं अर्धं राहिलंय. तुमची भावना, माझं धुणं."

"अप्पा, टेम्पो आणलाय," शिवकुमार म्हणाला. "रिकामा कसा पाठवायचा?"

"रिकामा कशाला? ते ने की." मी आतल्या स्वयंपाकघरातलं काचवालं मशीन दाखवलं. "ज्वारी काढून घेतो. पुण्यात नळाला पाणी असतं. अमृत सर, तुम्हाला पाहिजे असेल तर तुम्ही न्या. तीस वर्षं झाकून ठेवा, जुनं होईल. यालाही आठवणी आहेत. ओरडतं."

अमृतला राग आला असावा, पण अशी माणसं राग दाखवत नाहीत. ती म्हणतात, मी तुमच्या निर्णयाचा आदर करतो. त्याने तसंच म्हटलं आणि चपला घालून टेम्पोकडे गेला. शिवकुमार स्वयंपाकघरात जाऊन काचेतल्या ज्वारीकडे बघत उभा राहिला. तो येणार असला की दाक्षायणी मशीनवर चादर टाकायची, आज ती चादर धुण्यात होती; त्याने ज्वारी पहिल्यांदाच पाहिली.

"अव्वा म्हणायची, भरून ठेवलंय," तो म्हणाला.

"भरूनच ठेवलं होतं."

 तो खाली बसला, मशीनचं दार उघडलं आणि ओंजळीने ज्वारी परातीत काढायला लागला. निम्मी खाली सांडत होती. त्याला ते जमत नव्हतं, आणि मला शिकवायचं नव्हतं. मी मोरीत परत गेलो.

महेश्वरीने दुसरी वाकळ ड्रायरमध्ये टाकली होती. ही मोठी होती, दाक्षायणीच्या दोन इरकली लुगड्यांची. तिने दांडी फिरवली. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरलं, पण या वाकळेने मशीन आमच्या दोघांचं ऐकेना. ते आम्हाला ढकलत दाराकडे निघालं. तरी आम्ही बोलत होतो. तिने मला तिच्या अव्वाने चकल्यांबद्दल काय म्हटलं ते सांगितलं, आणि मी मोठ्याने काहीतरी उत्तर दिलं.

स्वयंपाकघरातून शिवकुमार ओरडला, "अप्पा! काय म्हणालात?"

महेश्वरीने माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही!" मी ओरडलो. मग मशीनने आणखी एक पाऊल टाकलं आणि माझा हात सुटायला लागला. "वजन कमी पडतंय! पाट घेऊन ये. आणि ये, बस."